गायरानाच्या नकाशाची शेपटी

पाटोद्याहून निघालेली एस.टी. अजून गावाच्या बाहेरही पडली नव्हती, तोवर कंडक्टर आणि एका तरुणाची हुज्जत सुरू झाली. तरुणाच्या मांडीवर एक कोकरू होतं. पांढरं, कानाशी काळं, आणि अगदीच निवांत. कंडक्टरचं म्हणणं, जिवंत जनावर आहे, अर्धं तिकीट पडेल. तरुणाचं म्हणणं, ते आजारी होतं, डॉक्टरला दाखवून परत न्यायचं आहे, आणि आजारी माणसाला सरकार सवलत देतं.

शेजारच्या सीटवर वर्षाराणी बसली होती. तिचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. पण तिला मध्ये बोलायची सवय होती, आणि घरी आईनं कितीही समजावलं तरी ती गेली नव्हती.

"लहान मुलांना तिकीट कुठं लागतं?" ती म्हणाली. "आधी त्याचं वय विचारा की."

कंडक्टरनं खरंच विचारलं. तरुण गंभीरपणे म्हणाला, "मागच्या अमावस्येचं हाय."

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला आणि पुढच्या सीटकडं सरकला. तरुणानं वळून वर्षाराणीकडं पाहिलं — आभार मानायला असावं. पण त्याचे डोळे तिथंच जरा रेंगाळले... आणि तेवढ्या वेळात कोकरानं तिच्या ओढणीचं टोक तोंडात घेऊन चांगलं चघळलं.

त्याचं नाव सोमेश्वर. धनगराचा मुलगा. बीडला राहून बी.ए. झालेला, आणि आता पोलीस भरतीची तयारी करणारा. ही माहिती त्यानं न विचारताच दिली. मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. ती एक मुठीएवढं यंत्र खिडकीबाहेर धरून बसली होती.

"रेंज येत न्हाई का?" त्यानं विचारलं.

"हा मोबाइल नाही. आपण पृथ्वीवर कुठं आहोत ते यात दिसतं. वरच्या उपग्रहांवरून."

सोमेश्वरनं खिडकीतून बाहेर पाहिलं. "आपण फाट्यापाशी हाव."

"ते तुमाला कळतं," वर्षाराणी म्हणाली. "तहसीलदाराला कळत नाही."

पुढं बोलता बोलता दोघांनाही कळलं की दोघं एकाच ठिकाणी चालले आहेत. ती खडकवस्तीच्या ज्या मुंजाजींच्या घरी निघाली होती, ते याचेच वडील होते.

वर्षाराणी पाटोद्याच्या कल्याणराव कापडवाल्यांची थोरली मुलगी. बीडला कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्यावर तिनं दुकानात बसावं, साड्यांच्या घड्या घालाव्यात आणि स्थळाची वाट पाहावी, असा घरचा बेत होता. तिनं सत्यभामाताईंच्या संस्थेत नोकरी धरली. ताई गावोगावच्या लोकांना त्यांच्या जमिनीचे कागद मिळवून द्यायचं काम करायच्या. दोन हजार दोन साली त्यांनी पुण्याहून हे यंत्र आणलं होतं. हातात धरून जमिनीच्या कडेनं चालत जायचं, यंत्र मागं ठिपके टाकत जातं, मग वायर कॉम्प्युटरला जोडली की चाललेल्या वाटेची रेघ पडद्यावर येते. ती रेघ गावाच्या जुन्या नकाशावर ठेवायची. जुन्या नकाशात जमीन किती आणि आज उरली किती, हे शाळकरी पोरालाही दिसावं असं दिसतं.

खडकवस्तीचं दुखणं हेच होतं. वस्तीतली सगळी घरं मेंढपाळांची. मेंढरं चरायची ती गावाच्या गायरानात आणि पाणी प्यायची गायरानाच्या कडेच्या ओढ्यावर. गावातल्या बबनरावांचं शेत त्या ओढ्याला लागून होतं, आणि ते शेत दरवर्षी थोडंथोडं गायरानात सरकत होतं. यंदा तर ओढ्याच्या काठानं सगळी कपाशी उभी होती. मेंढरं पाण्यावर न्यायची तर बबनरावांच्या पिकातून न्यावी लागणार, आणि नेली की ते कोंडवाड्यात घालणार. मुंजाजींनी तक्रार केली होती. बबनराव सांगत होते, ही हद्द आजोबांच्या वेळेपासून अशीच आहे. दिवाळीनंतर तहसिलीत सुनावणी होती. ती हरली तर मेंढरं विकायची आणि उसाच्या टोळीबरोबर कारखान्यावर जायचं, एवढंच वस्तीपुढं उरणार होतं.

वस्तीवर पोचल्यावर सोमेश्वरची आई कडूबाई हिनं यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि गेवराईच्या बहिणीला यावरून फोन लागेल का, असं विचारलं. लागणार नाही म्हटल्यावर तिचा यंत्रातला रस संपला. पण पोरीतला रस संपला नाही. एवढी शिकलेली पोरगी पोराबरोबर एकटी रानात फिरणार, हे बरं दिसत नाही म्हणून तिनं आपल्या थोरल्या जावेला, भिवराबाईला, सोबत पाठवलं. भिवराबाई हद्दीच्या पहिल्या दगडापर्यंत आली. तिथं लिंबाच्या सावलीला बसली, तंबाखू मळली, आणि म्हणाली, तुमी जाऊन या, मला हितून समदं दिसतंय. गायरान टेकडीला वळसा घालून पलीकडं जात होतं. तिला काहीही दिसणार नव्हतं.

दोघं चालू लागले. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता आणि कुसळं गुडघ्याएवढी वाढली होती. सोमेश्वरला भरतीसाठी पळायची सवय. तो लांब टांगा टाकत पुढं जायचा, मग थांबून वाट पाहायचा.

"हळू चाला. यंत्राला दम लागतो," वर्षाराणी म्हणाली.

"यंत्राला का मॅडमला?"

"यंत्राला. मॅडमचं काम तुमच्यापेक्षा अवघड आहे. तुमी नुसतं पळता, मला सरळ चालावं लागतं."

मग तो तिच्या चालीनं चालू लागला. तिनं विचारलं, पोलीसच कावून व्हायचंय? तो म्हणाला की लहानपणापासून मेंढरं हाकतोय, गर्दी हाकायचा सराव आहे. तिला हसू आलं. त्यानं विचारलं, दुकान सोडून हे उन्हातलं काम का? तिनं सांगितलं की दुकानात बायका शंभर साड्या उलगडतात आणि पहिलीच घेतात, ते बघून तिचा माणसांवरचा विश्वास उडत चालला होता. आता त्याला हसू आलं. टेकडीच्या पायथ्याशी तो थांबला आणि म्हणाला, वर कपारीला सीताफळाची दोनचार झाडं हायेत, येता का? तिनं हद्दीच्या दगडाकडं पाहिलं... मग टेकडीकडं. आणि निघाली.

झाडांवरची बहुतेक फळं पाखरांनी आणि पोरांनी संपवली होती. शोधून शोधून दोन सापडली. ते दोघं एका सपाट खडकावर बसले. खाली सगळं गायरान पसरलेलं, त्यात मेंढरं, आणि दूर लिंबाखाली भिवराबाई आडवी झालेली. सीताफळ खाणं हे घाईचं काम नाही. पण त्या दिवशी ते जरा जास्तच सावकाश झालं. सोमेश्वर एकेक बी लांब थुंकायचा आणि ती किती लांब गेली ते तिच्याकडं बघून ठरवायचा. वर्षाराणीला असं थुंकायला घरी कधी परवानगी नव्हती. तिनं एकदा करून पाहिलं, बी तिच्याच चपलेवर पडली, आणि दोघं इतके हसले की खालची मेंढरं मान वर करून बघायला लागली. त्याच्या मनगटाला रस लागला होता. तिनं ओढणीचं टोक — कोकरानं चघळलेलं तेच — पुढं केलं. त्यानं ते घेतलं, पण पुसायचं विसरला.

यंत्र तिच्या पिशवीत चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कॉम्प्युटरवर गायरान उमटलं. ओढ्याच्या बाजूनं जुन्या नकाशातली रेघ आणि आजची रेघ यांत मोठी फट होती, म्हणजे बबनरावांनी खाल्लेली जमीन सरळ दिसत होती. पण दुसऱ्या बाजूला, टेकडीच्या अंगानं, हद्दीच्या रेघेला एक शेपटी फुटली होती. लांब, वाकडी, आणि टोकाला ठिपक्यांचा गच्च झुबका.

वर्षाराणीचे कान तापले. तिनं ती शेपटी पुसायला घेतली, तोच मागून सत्यभामाताई आल्या. ताई म्हणाल्या, एक ठिपकासुद्धा पुसायचा नाही. उद्या त्यांचा वकील म्हणेल, तुम्ही इथं पुसलं तर ओढ्याकडंही पुसलं असेल. मग त्यांनी शेपटीवर बोट ठेवून विचारलं की हे काय आहे.

"मेंढरांची जुनी वाट आहे, ताई," वर्षाराणी म्हणाली. तोंडातून निघून गेलं. ताईंनी विश्वास ठेवला आणि अर्जात तसं लिहून टाकलं.

त्यानंतरच्या दिवसांत सोमेश्वर दोनदा संस्थेत आला. एकदा कागदावर वडिलांची सही आणायला, आणि एकदा ती सही बरोबर झाली का ते विचारायला. दोन्ही वेळा तिला, आपण ताईंना खोटं सांगितलं, हे त्याला सांगायचं होतं. पण दोन्ही वेळा त्यानं काहीतरी गमतीचं बोलून तिला हसवलं, आणि ते राहून गेलं.

सुनावणीच्या दिवशी तहसिलीची ती खोली भरली होती. एका बाजूला मुंजाजी, कडूबाई आणि वस्तीतली माणसं. दुसऱ्या बाजूला बबनराव आणि त्यांचे वकील. आपली मुलगी आज साहेबांपुढं नकाशा समजावून सांगणार म्हणून कल्याणराव दुकान बंद करून, इस्त्रीचा सदरा घालून दाराशी येऊन उभे राहिले होते.

वर्षाराणीनं नकाशा चांगला समजावला. नायब तहसीलदार शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. ते मान डोलवत ऐकत होते. मग वकील उठले. त्यांनी ओढ्याचं नावच काढलं नाही. त्यांनी शेपटीवर बोट ठेवलं. अर्जात ही मेंढरांची वाट म्हटली आहे, पण आम्ही कालच टेकडीवर जाऊन आलो, तिथं वाट नाही, पाणी नाही, चारा नाही. मेंढरं तिथं काय करतील? म्हणजे एकतर यंत्र चुकीचं, नाहीतर नकाशा खोटा. जे यंत्र इथं चुकतं ते ओढ्यावर बरोबर कसं असेल?

साहेबांनी नकाशा जवळ घेतला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मुंजाजींनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि ते मुंडाशाकडंच बघत राहिले. साहेब कारकुनाला म्हणाले, लिहा, सदर नकाशा संशयास्पद...

तेवढ्यात सोमेश्वर उभा राहिला. "साहेब, तिथं म्या गेलतो. यंत्र घेऊन. एकटाच."

"यंत्र तर या बाईंकडं होतं, असं अर्जात आहे."

सोमेश्वरनं कपाळ पुसलं. भरतीच्या मैदानावरसुद्धा त्याला एवढा घाम आला नव्हता. वर्षाराणीनं एकदा दाराकडं पाहिलं, वडिलांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडं पाहिलं, आणि उठली. तिला माहीत होतं की पाटोद्यात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात पोचणार.

"ते खोटं बोलताहेत, साहेब," ती म्हणाली. "आणि वाटेचं मी खोटं सांगितलं होतं, ताईंचा त्यात दोष नाही. तिथं वाट नाही. तिथं आम्ही दोघं गेलो होतो. यंत्र बंद करायचं मी विसरले."

"कशासाठी गेला होता?"

"सीताफळं खायला."

खोलीत कुणीतरी खोकलं. साहेबांनी ठिपक्यांचा झुबका निरखला. प्रत्येक ठिपक्याची वेळ बाजूला छापलेली होती. "हे तर तासाच्या वर दिसतंय," ते म्हणाले. "किती सीताफळं खाल्ली?"

सोमेश्वर आता खरं बोलायचं ठरवून बसला होता.

"दोनच होती, साहेब."

आधी कडूबाई हसली. पदर तोंडाला लावून, पण आवाज बाहेर आलाच. मग वस्ती हसली, कारकून हसला, आणि बबनरावांच्या बाजूचेही दोघंतिघं हसले. साहेबांनी हसू मिशीतच ठेवलं. ते वकिलांना म्हणाले की जे यंत्र यांचं एवढंसुद्धा झाकून ठेवत नाही, ते ओढ्यावर कुणाची बाजू घेईल असं वाटत नाही. मग कारकुनाकडं वळले. "यंत्र चुकलेलं नाही. लिहा, अर्जदाराचे प्रतिनिधी फळ खाणेकामी हद्द सोडून गेले होते. ओढ्याच्या बाजूची सरकारी मोजणी करावी."

दाराशी आता कुणी नव्हतं. कल्याणराव निघून गेले होते.

सरकारी मोजणी झाली. मोजणीदारानं साखळी टाकली, खुणा केल्या, आणि त्याची रेघ यंत्राच्या रेघेजवळच येऊन पडली. बबनरावांना उभी कपाशी वेचून जमीन सोडायचा हुकूम झाला. ते पहिल्यांदा खूप बोलले, मग कमी बोलले, आणि संक्रांतीपर्यंत मेंढरं ओढ्यावर जायला लागली.

वर्षाराणीच्या घरी मात्र सुनावणीच्या दिवसापासून कुणी काही बोलेना. कल्याणराव जेवायचे, दुकानात जायचे, परत यायचे. आई, शिवकांता, हिनं फक्त एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "गोड तरी होती का?" वर्षाराणीची आत्या येऊन तासभर बोलून गेली. आपण लिंगायत, ते धनगर, आपल्या घरात अंड्याचं नाव निघत नाही आणि त्यांचा धंदा मेंढरांचा. दुकानात बायका यायच्या आणि सीताफळी रंगाची साडी मागायच्या. असा रंग नसतो, हे त्यांनाही माहीत होतं.

आणि मग एके दिवशी सोमेश्वर दुकानात आला.

तो बोलायला आला होता. वस्तीपासून पाटोद्यापर्यंत त्यानं वाक्य घोकलं होतं. पण गादीवर टेकला न टेकला तोच कल्याणरावांनी विचारलं, काय दाखवू? त्याला 'शर्टपीस' याशिवाय दुसरा शब्द सुचला नाही. कल्याणरावांनी एकामागून एक कापड उलगडलं, पोत सांगितला, रंग जात नाही म्हणून सांगितलं, त्याला तोंड उघडायला जागा ठेवली नाही. सोमेश्वर निळ्या रेघांचं कापड घेऊन घरी गेला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला आणि तपकिरी घेऊन गेला. मग पांढरं. मग पॅंटचं. आतल्या खोलीतून वर्षाराणी ऐकत असायची. तिला हसावं की रडावं कळत नसे. गिऱ्हाईक बोलायच्या बेतात आलं की वडील कात्री उचलतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

शेवटी कडूबाईनं पेटीत कापडांचा ढीग पाहिला आणि नवऱ्याला सांगितलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी सोमेश्वरबरोबर मुंजाजी आले. ते गादीवर बसले, मुंडासं नीट केलं.

"या," कल्याणराव म्हणाले. "काय दाखवू?"

"कापड नगं, कल्याणराव. घरात ठिवायला जागा ऱ्हायली न्हाई. ह्याला तुमची पोरगी पायजे. अन तिलाबी ह्योच पायजे, आसं दिसतंय. सरकारी दप्तरात नोंद हाय तशी."

कल्याणरावांच्या हातात कात्री होती, पण समोर कापडच नव्हतं. त्यांनी ती खाली ठेवली. मग म्हणाले की त्या दिवशी तहसिलीत मला फार लाज वाटली. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं, खोटं बोलून तिला सुटता आलं असतं. तुमच्या ओढ्यासाठी ती सुटली नाही. अशा पोरीला मी आता काय शिकवणार?

थोडं थांबून त्यांनी मुद्द्याला हात घातला. "आमच्यात मटण चालत न्हाई."

"आमी मेंढरं इकतो, कल्याणराव," मुंजाजी म्हणाले. "खायाला कुठं परवडतंय?"

"अन पोराची नोकरी?"

सोमेश्वरनं सांगितलं की उन्हाळ्यात भरती आहे, आणि नाही झालं तर सत्यभामाताई दुसरं यंत्र आणणार आहेत, ते चालवायला माणूस हवा आहे. कल्याणरावांनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, पण आतल्या दाराकडं बघून तीन चहा आणायला सांगितलं. चहा आला तेव्हा तो घेऊन वर्षाराणीच आली. वडिलांनी तिच्याकडं न बघता विचारलं, तुझं काय? तिनं पहिली कपबशी सोमेश्वरसमोर ठेवली, मग मुंजाजींसमोर, मग वडिलांसमोर. कल्याणरावांनी तो क्रम पाहिला आणि सुस्कारा टाकला.

मुंजाजी बाजारात मीठ घ्यायला गेले. कल्याणरावांना अचानक वरच्या फळीवरचे गठ्ठे नीट लावायचे आठवले. सोमेश्वर आणि वर्षाराणी दुकानाच्या पायरीवर उभे राहिले.

"एवढं कापड कावून घेत होता?" तिनं विचारलं.

"तुझे वडील विचारायचे, काय दाखवू. मला खरं सांगता येईना."

"मग आता मला सांगा. मी काही दाखवत नाही."

सोमेश्वरनं इकडंतिकडं पाहिलं. बाजार भरात होता, कांद्याच्या ढिगाशी भाव चालला होता. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात, त्यानं ते वाक्य म्हटलं. काही फार मोठं नव्हतं, इतरांनी म्हटलंय तसंच होतं. पण वर्षाराणीनं ते त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. पहिल्यांदा ट्रक गेला, ऐकू आलं नाही, असं ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यावरून ट्रक जाऊच देत नाहीत. हे सोमेश्वरला माहीत होतं. त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं. आणि फळीवरच्या गठ्ठ्यांआडून कल्याणराव खोकले.